केळशीकर सरांची बोट

पेशंटला भूल देताना डॉक्टर सहसा त्याला आकडे उलटे मोजायला सांगतात. दहा, नऊ, आठ... सहाच्या खाली फारसं कुणी उतरत नाही. आमच्या केळशीकर सरांना ही पद्धत अजिबात मान्य नव्हती. “झोपायच्या वेळी माणसाला गणितं कसली घालता?” असं ते म्हणत. पेशंटच्या हाताला सुई टोचता टोचता ते त्याला गोष्ट सांगायला लागत आणि ती गोष्ट नेहमी एकच असे: अमेरिकेला निघालेल्या पहिल्या वसाहतकऱ्यांच्या बोटीची.

मी मिरजेहून कार्डिफच्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून शिकायला आले तेव्हा ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. पहिल्याच दिवशी मला सरांच्या हाताखाली उभं केलं. टेबलावर मिस्टर प्रोबर्ट नावाचे कोळशाच्या खाणीतून रिटायर झालेले आजोबा, हर्नियासाठी आलेले. सर त्यांच्यावर वाकले आणि अगदी खाजगी आवाजात म्हणाले, “वन्स, मिस्टर प्रोबर्ट, देअर वॉज अ शिप. व्हेरी स्मॉल, व्हेरी लीकी. टू मेनी पीपल, सम हेन्स, अँड अ ग्रेट मेनी प्रेअर्स...” कोंबड्यांपर्यंत मिस्टर प्रोबर्ट जागे होते. प्रार्थनांना ते गेले.

दीड तासानं शुद्धीवर आल्यावर त्यांचं पहिलं वाक्य काय असावं? पोटात दुखतंय, पाणी हवंय, बायको कुठे आहे, असलं काही नाही. त्यांनी डोळे किलकिले केले आणि विचारलं, “डिड दे गेट देअर, डॉक?”

“नॉट येट, मिस्टर प्रोबर्ट,” सर म्हणाले. “रफ सी.”

दुसऱ्या वर्षी हेच गृहस्थ दुसऱ्या बाजूच्या हर्नियासाठी आले आणि हात पुढे करून म्हणाले, “राइट, डॉक. कोंबड्यांपर्यंत आलो होतो. कॅरी ऑन.” म्हणजे इंग्रजीत म्हणाले, पण माझ्या मनात ते असंच राहिलं आहे.

कार्डिफमधल्या अर्ध्या अधिक माणसांनी ती गोष्ट अर्धवट ऐकलेली होती. सुपरमार्केटात, बसस्टॉपवर, तळ्याकाठी फिरताना अनोळखी माणसं सरांना थांबवून विचारत, “पोचले का हो ते?” सर गंभीरपणे मान हलवत आणि वारं उलटं आहे असं सांगत. एका बाईनं तर थिएटरच्या सिस्टरला विचारलं होतं, की गोष्ट शेवटपर्यंत ऐकायची असेल तर कुठलं ऑपरेशन करून घ्यावं लागेल.

आता हे सर म्हणजे कोण, ते सांगायला हवं. डॉक्टर दिगंबर केळशीकर. मूळचे सांगलीचे. उंची बेताची, भुवया मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या. भूल देण्यात हात इतका हलका, की सर्जन लोक आपली सुट्टी सरांच्या सुट्टीला जुळवून घेत. पण तुम्ही त्यांच्या कामाबद्दल चांगलं काही बोललात की ते हात झटकत. “भूल काय कुणीही देईल गं. माझा खरा विषय अमेरिकन साहित्याचा आरंभकाळ.” असं म्हणून एक भुवई वर करायची आणि समोरचा माणूस पळून जायच्या आत सुरुवात करायची.

विषय आरंभकाळाचाच बरं का. अमेरिकेत पुढे जे काही लिहिलं गेलं, कादंबऱ्या म्हणा, कविता म्हणा, त्याच्याशी सरांना काडीचं कर्तव्य नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष सतराव्या शतकात. त्या वेळी तिकडे गेलेल्या लोकांच्या रोजनिशा, घरी धाडलेली पत्रं, छापील प्रवचनं, पंचांगं, थडग्यावर वाचायचे शोकश्लोक. “कुणाची गाय मेली,” सर सांगत, “की हा माणूस आधी रोजनिशी काढणार आणि देवानं आपल्याला गायीमार्फत काय कळवलंय ते दोन पानं लिहिणार. गायीबद्दल एक ओळ. वाईट वाटलं, असं कुठेही नाही. त्यांनी काय लिहिलं ते सगळेच वाचतात नीला, काय लिहिलं नाही ते बघ.”

प्रवचनं ऐकताना पेंगणाऱ्याला ढोसायला तेव्हाच्या देवळांत एक माणूस लांब काठी घेऊन फिरत असे, ही हकीकत तर त्यांची फार आवडती. “तीन तास प्रवचन आणि झोपेवर बंदी! आपला धंदा तिथे तेजीत चालला असता.” मुलांच्या अंकलिपीतसुद्धा पाप आणि मरण कसं असे, हे ते लहान मुलांच्या वाढदिवसाला हमखास सांगत. त्यामुळे पुढे पुढे त्यांना वाढदिवसाला फक्त केक कापून झाल्यावर बोलवायची पद्धत पडली.

आमच्या महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये होई. बहुतेक डॉक्टरांचीच घरं, त्यामुळे निम्मी मंडळी पेजर सांभाळत आरतीला उभी. आरतीच्या आधी पंधरा मिनिटं ‘विचारमंथन’ म्हणून ठेवलेली असत आणि ती कधी, कशी सरांच्या ताब्यात गेली ते कुणालाच आठवत नव्हतं. मी पाहिलेल्या पहिल्या वर्षी विषय होता, ‘अमेरिकन साहित्याचा इतिहास: आरंभापासून आजपर्यंत.’ चाळीस मिनिटं झाली तरी सर बंदरावरच होते. सामान चढवत होते. प्रत्येक पिंपात काय, ते सांगत होते.

सेक्रेटरी पाटणकर भला माणूस. हृदयरोगतज्ज्ञ, त्यामुळे धीराचा. सरांना थांबवायचं कसं, हे सुचेना म्हणून त्यांनी शेवटी देव्हाऱ्यातली घंटा उचलली आणि हळूच वाजवली. सरांनी लगेच हात जोडले, डोळे मिटले, गणपतीला नमस्कार केला आणि पुढे बोलायला लागले. पाटणकरांनी पुन्हा वाजवली. सरांनी पुन्हा नमस्कार केला. चौथ्या नमस्काराला हॉलमधल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि चर्चचा केअरटेकर दारातून डोकावून बघत होता.

शेवटी सर म्हणाले, “तर मंडळी, वेळेअभावी थांबतो. आपण अजून बोटीवर आहोत. पुढच्या वर्षी उतरू.”

पुढच्या वर्षी कसले उतरतात! पुढच्या वर्षी वादळ झालं. त्याच्या पुढच्या वर्षी बोटीवर एक बाळ जन्माला आलं. मग एक वर्ष सगळं प्रवचनांच्या लांबीवर गेलं. एकदा तर आदल्या वर्षी बरेच लोक पावसामुळे आले नव्हते म्हणून त्यांनी बोट परत बंदरावर नेली. दरवर्षी पाटणकर घंटा घेऊन उभे, दरवर्षी सरांचे नमस्कार, आणि शेवटी तेच वाक्य: आपण अजून बोटीवर आहोत. गणपती दीड दिवसात विसर्जन पावत, बोट मात्र वर्षानुवर्षं पाण्यात.

सरांच्या घरी माझं जाणं-येणं वाढलं ते सुधाकाकूंमुळे. सरांची बायको. बोलायला तिखट, हाताला त्याहून. “ह्यांची अमेरिका आमच्या लॉफ्टमध्ये राहते,” त्या म्हणत. “मी कधी व्हिसा मागितला नाही.” शिडी चढून मी एकदा वर गेले होते. छताला लागेपर्यंत पुस्तकं, भिंतीवर अटलांटिकचा नकाशा, त्यात एक टाचणी समुद्राच्या बरोब्बर मध्यावर टोचलेली. टेबलावर एक जाडजूड पाठ्यपुस्तक होतं, पार खिळखिळं झालेलं. मी ते उघडलं तर समासात हिरव्या शाईनं मांजरं काढलेली. जांभई देणारी मांजरं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, दर दोन पानांना एक. लायब्ररीतून काढून टाकलेलं जुनं पुस्तक असणार, असं म्हणून मी ते मिटलं.

“सर, हे वेड कधीपासूनचं?” मी खाली आल्यावर विचारलं.

“कॉलेजपासूनचं,” सर म्हणाले. “सांगलीला असल्यापासून.”

सुधाकाकू पोळी लाटत होत्या. त्यांचं लाटणं मध्येच थांबलं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका गुरुवारी सर आम्हाला जेवायला बोलवत. अमेरिकन लोकांचा सुगीचा सण म्हणून. सुधाकाकूंच्या घरात मांसमच्छी शिजत नसे, त्यामुळे त्या सणाला तिकडे लागतेच त्या टर्कीचा प्रश्नच नव्हता. त्या दिवशी मक्याची उसळ आणि लाल भोपळ्याचे घारगे असत. मका आणि भोपळा दोन्ही तिकडचे, म्हणून हा स्वयंपाक मूळ सणाच्या जास्त जवळचा आहे, असं सर छातीठोकपणे सांगत. घारगे फारच चांगले होत, म्हणून आम्ही ते मान्य करत असू.

आणि रविवारी संध्याकाळी सहा वाजता बॉस्टनला फोन.

केतकी, सरांची एकुलती एक मुलगी. कार्डिफमध्येच जन्मली, इथेच युनिव्हर्सिटीत इंग्रजी साहित्य शिकली आणि मी इथे आल्यावर दोन-तीन वर्षांतच बॉस्टनला एका विमा कंपनीत नोकरीला गेली. तिकडेच लग्न ठरवलं. रविवारी फोन लावायचे सर. मी तिथे असले तर कानावर पडेच. “हं केतकी. कशी आहेस? बरं. हे बघ, मला एक सांग. ती शोकगीतं ते लोक शवपेटीला टाचून ठेवत, की नुसती वाचत?” मग सर लक्ष देऊन ऐकत, हूं हूं करत, चिठ्ठीवर टिपून घेत. दहा मिनिटं झाली की, “बरं. पुढच्या रविवारी त्या पंचांगांचं बघून ठेव. हं, आईशी बोल.” फोन सुधाकाकूंच्या हातात. मग खरा फोन सुरू होई: ताप, सर्दी, पडदे, सासूबाई, नवीन भांडी.

मला गंमत वाटे. बाप-लेकीत विषयाचं काय प्रेम आहे, असं वाटे. माझे वडील मला फोनवर हवामान विचारून पावसावर थांबत. इथे सतरावं शतक चाललंय!

एकच गोष्ट मला कधी उमगत नव्हती. ज्या माणसाच्या घरात छतापासून जिन्यापर्यंत अमेरिका भरलेली, ज्याची मुलगी बॉस्टनला, जिथे त्या लोकांची थडगी, देवळं, कागदपत्रं सगळं हाकेच्या अंतरावर, तो माणूस अमेरिकेला गेला नव्हता. एकदाही नाही. लग्न केतकीनं कार्डिफला येऊन केलं. पुढे सुधाकाकू दोनदा जाऊन आल्या, एकट्या. सरांना विचारलं की उत्तर तयार: “अभ्यास अपुरा आहे.”

“अहो, तिथे परीक्षा आहे का?” सुधाकाकू विचारत.

“तयारीशिवाय जाणं बरं दिसत नाही.”

“मुलीच्या घरी जायला कसली तयारी? दात घासायचे आणि विमानात बसायचं.”

सर भुवया खाली घेत आणि लॉफ्टमध्ये चढत. शिडी वर ओढून घ्यायची सोय होती, ती ते अशा वेळी वापरत.

नव्वदचं दशकही अर्धं उलटलं. मी स्वतः कन्सल्टंट झाले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात केतकीनं फोनवर सांगितलं, की मार्चमध्ये बाळ येणार. आणि या वेळी तिनं आईला नाही, बापाला सांगितलं: “बाबा, तुम्ही दोघं या. एक महिना तरी राहा. आय वाँट यू हिअर.” सुधाकाकूंनी त्याच संध्याकाळी बॅगा खाली काढल्या. सर म्हणाले, “बघू. अभ्यास अपुरा आहे.”

त्या दिवशी पहिल्यांदा मी सुधाकाकूंना रडताना पाहिलं. “नीला, ती आता पुन्हा विचारणार नाही गं,” त्या म्हणाल्या. “स्वभाव बापाचाच आहे. एकदा गप्प झाली की झाली. आत्ता हे गेले नाहीत तर संपलं बघ.”

मी सरांशी बोलून पाहिलं. त्यांनी मला सोळाव्या शतकातल्या नकाशांबद्दल अर्धा तास सांगितलं. मी चिडून घरी आले.

आणि नोव्हेंबरात सरांचं पित्ताशय बिघडलं. खडे. ऑपरेशन करायचं ठरलं. सर्जननं विचारलं, भूल कोणाची हवी? सर म्हणाले, “नीलाची. बाकीचे आकडे मोजायला लावतात.”

केतकी सहाव्या महिन्यात, तरी विमानात बसून आली. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी आम्ही हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये चहा घेत होतो. वडिलांच्या तब्येतीची सगळी चौकशी झाल्यावर मी आपलं सहज म्हटलं, “तुम्हा दोघांचं मला फार कौतुक वाटतं. एवढा एक विषय दोघांना सारखा आवडतो.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग कप खाली ठेवला.

“नीलाताई, प्रॉमिस कर, कुणाला सांगणार नाही. मला तो विषय कधीच आवडला नाही. युनीत कम्पल्सरी पेपर होता. आय हेटेड इट. जस्ट पास झाले मी. सगळ्या बुकमध्ये मांजरं काढत बसायचे.”

माझ्या हातातलं बिस्किट चहात पडलं.

“अगं, मग दर रविवारी त्यांना उत्तरं कशी देतेस?”

“दर सॅटरडेला लायब्ररीत जाते. दोन तास. बाबा जे विचारतात ते शोधून ठेवते. माझ्या नवऱ्याला वाटतं मी मॅड आहे.” ती हसली, पण डोळे भरलेले होते. “नाहीतर काय करू? मला आन्सर नाही आली, तर बाबा फोन लगेच आईला देतील ना.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांना वॉर्डात प्रीमेड दिलं. ऑपरेशनच्या तासभर आधी पेशंटची धास्ती कमी व्हावी म्हणून जे गुंगीचं इंजेक्शन देतात, त्याला आम्ही प्रीमेड म्हणतो. त्यानं माणूस सैलावतो. काही गाणी म्हणतात, काही सिस्टरला लग्नाची मागणी घालतात. त्यामुळे आमच्या धंद्यात एक न लिहिलेला नियम आहे, आणि मला तो सरांनीच शिकवला होता: थिएटरमध्ये ऐकलेलं थिएटरमध्येच ठेवायचं.

सरांना ट्रॉलीवरून भुलीच्या खोलीत आणलं. भुवयांवर हिरवी कागदी टोपी. ते छताकडे बघत होते.

“नीला,” ते म्हणाले, “तुला एक सांगू? मला कंटाळा येतो गं.”

“कशाचा, सर?”

“त्या बोटीवरच्या लोकांचा. सारखी आपली प्रार्थना. सारखी ती गाय.” जीभ जडावली होती, पण शब्द कळत होते. “हसत नाहीत, खेळत नाहीत. एक माणूस धड नाही त्यांच्यात.”

मी सुई हातात घेऊन तशीच उभी राहिले. “मग कशासाठी वाचता एवढं?”

“पोरगी बोलत नव्हती. डॉक्टर व्हायचं नाही म्हणाली. मी म्हटलं, गोष्टी वाचून कुणाचं पोट भरलंय? वर्षभर बोलली नाही माझ्याशी. एका टेबलावर जेवायचो. मीठ हवं असलं तरी ‘आई, बाबांना सांग.’ मग एकदा तिचं पुस्तक जिन्यात सापडलं. चुका काढायला म्हणून वाचलं. आणि रात्री जेवताना मी आपलं म्हटलं, ती माणसं बोटीवर खात काय असतील? तर ती म्हणाली, बिस्किटं, बाबा. अळ्या पडलेली.” सरांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडे गेलं. “वर्षभरातलं पहिलं वाक्य, नीला. अळ्या पडलेली बिस्किटं.”

मी कापसाच्या बोळ्यानं ते पाणी पुसलं.

“मग मी बोट सोडलीच नाही. विषय संपला तर बोलणं संपेल ना. रविवारी दहा मिनिटांना पुरतो तो. पण तिथे जाऊन महिनाभर काय बोलू मी तिच्याशी? एवढा अभ्यास नाही माझा.” त्यांनी माझा हात धरला. “केतकीला सांगू नकोस. तिला फार आवडतो तो विषय. पुस्तकात पानोपानी मांजरं काढलीत तिनं.”

मग म्हणाले, “चल. सांग गोष्ट.”

मी सुई टोचली. “एक बोट होती सर,” मी मराठीतून म्हटलं. “अगदी लहान. गळकी. माणसं फार, थोड्या कोंबड्या...” कोंबड्यांवर सरांचे डोळे मिटले.

ऑपरेशन उत्तम झालं. माझं काम संपल्यावर मी हातमोजे काढले, कॉरिडॉरमध्ये बाकावर बसलेल्या केतकीकडे गेले आणि सरांनी शिकवलेला नियम मोडला. सगळा नाही, अर्धाच. कंटाळ्याचं मी काही बोलले नाही, ते माझ्यापाशीच आहे आणि आता तुमच्यापाशी. एवढंच म्हटलं, “केतकी, बाबा तुझ्याकडे का येत नाहीत माहितेय? घाबरतात. महिनाभर तुझ्याशी बोलायला विषय पुरणार नाही म्हणून.”

ती आधी हसली. मग पोटावर हात ठेवून बराच वेळ रडली. मी शेजारी बसून राहिले. तिच्याही मांजरांचा खरा अर्थ मी सरांना कधी सांगितला नाही.

संध्याकाळी वॉर्डात सरांना नीट जाग आली. एका बाजूला सुधाकाकू सफरचंद चिरत होत्या, त्यांना खायला चालणार नाही हे माहीत असून. दुसऱ्या बाजूला केतकी. मी पायाशी उभी राहून चार्ट बघत होते. सरांनी डोळे किलकिले केले आणि इतक्या वर्षांत जे वाक्य दुसऱ्यांकडून ऐकलं होतं, तेच स्वतः विचारलं.

“पोचले का गं?”

केतकी त्यांच्या कानाशी वाकली. “नाही बाबा. अजून बोटीवरच आहेत. अजून खूप पाणी आहे.”

“खूप म्हणजे किती?”

“एक महिना पुरेल एवढं तर नक्की,” ती म्हणाली. “आणि माझ्याकडे प्रश्न आहेत. खूप आहेत. या वेळी मी विचारणार, तुम्ही आन्सर द्यायची.”

सर पडल्या पडल्या तिच्याकडे बघत राहिले. मग सुधाकाकूंकडे वळून म्हणाले, “अहो, ते पासपोर्ट कुठे ठेवलेत?”

“माझ्या पर्समध्ये,” सुधाकाकू म्हणाल्या. “दोन महिने तिथेच आहेत.”

मार्चमध्ये दोघं गेली. महिन्याचे सात आठवडे झाले. नात झाली. सर परत आले ते माझ्याकडे फोटोंचा गठ्ठा घेऊनच. नात झोपलेली, नात जागी, नात पुन्हा झोपलेली. मी शेवटी विचारलं, “सर, आणि सतरावं शतक? ती देवळं, थडगी, कागदपत्रं बघितलीत की नाही?”

सरांनी भुवया वर केल्या. काहीतरी आठवायचा प्रयत्न करतात तसं केलं. “ते राहूनच गेलं गं,” ते म्हणाले. “वेळ कुठे मिळाला?”

“मग दोघं बोललात काय एवढे दिवस?”

“काय बोललो?” सर स्वतःच विचारात पडले. “कोण जाणे. काहीच नाही. दिवसभर बोलत होतो.”

त्या सप्टेंबरात गणेशोत्सवाला हॉल नेहमीसारखा भरला. आरतीआधीच्या पंधरा मिनिटांसाठी सर उठले, तेव्हा बायकांनी खुर्च्यांवर नीट टेकून घेतलं, दोन-तीन जण पेजर वाजल्याचं दाखवून बाहेर जायला निघाले. पाटणकर सवयीनं देव्हाऱ्याशी घंटा घेऊन उभे राहिले. सर स्टेजवर आले. हातात कागद नव्हता.

“मंडळी,” सर म्हणाले, “बोट लागली. सगळे सुखरूप उतरले.”

त्यांनी गणपतीला नमस्कार केला आणि जाग्यावर येऊन बसले.

हॉलमध्ये कुणाला काय करावं ते कळेना. दाराशी गेलेले लोक तिथेच उभे राहिले. मागून कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली, का ते कळलं नसतानाही. पाटणकर लगबगीनं माझ्यापाशी आले. “डॉक्टर, ह्यांची तब्येत बरी आहे ना? काही हार्टचं वगैरे?” हृदयरोगतज्ज्ञ माझ्याकडे विचारत होते!

“ठणठणीत आहेत,” मी म्हटलं आणि नाक पुसलं.

शेजारी सुधाकाकू बसल्या होत्या. त्या माझ्या कानाशी कुजबुजल्या, “परवाच्या रविवारी चाळीस मिनिटं बोलत होते. सगळं नातीच्या दातांवर. फोन माझ्या हातात येतच नाही आता.” तक्रारीच्या सुरात सांगत होत्या, पण चेहरा नुसता फुलला होता.

मग सगळे आरतीला उभे राहिले. पाटणकरांच्या हातातली घंटा त्या वर्षी फक्त आरतीलाच वाजली.